आखाड्यापर्यंतचा रस्ता : एका पशुवैद्यकीय जीपमध्ये जीपीएस बसवण्याचं प्रकरण

नांदेड जिल्ह्यातल्या कंधार आणि मुखेड तालुक्यांच्या हद्दीवर एका दूध संस्थेची पशुवैद्यकीय जीप फिरते. संस्थेला दूध घालणाऱ्यांच्या जनावरांवर उपचार, कृत्रिम रेतन आणि लसीकरण ही तिची रोजची कामं. ती वेळापत्रकानं चालतात, दिवसाउजेडी होतात, आणि त्यात रस्ता शोधण्याचा प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न येतो अवेळी आलेल्या फोनचा. गाय अडली, वासरू आडवं आलं, बैलाचं पोट फुगलं. पोटफुगी जोरात असेल तर जनावर काही तासांतच हातचं जातं. लाल कंधारी गाय किंवा देवणीची जोडी जाणं म्हणजे त्या घराचं पुढचं सगळं वर्ष कोलमडणं. डॉक्टर औषध घेऊन निघालेले असतात, जीपमध्ये डिझेल असतं, आणि तरी वेळ रस्त्यात जातो.

तो वेळ डांबरी रस्त्यावर जात नाही, हे इथं आधी समजून घ्यावं लागतं. नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यात बरीच जनावरं गावात नसतात, आखाड्यावर असतात. शेतातच गोठा, कडब्याची गंजी, पाण्याचा हौद, एखादी खोली. गावापासून आखाडा दोन-तीन किलोमीटर आत असणं अगदी नेहमीचं. फोनवर रस्ता सांगितला जातो तो असा : "शाळेपासून डाव्या हातानं या डॉक्टरसाहेब, मोठ्या लिंबापासून पांदणीनं आत वळा, विहिरीपाशी पोरगं बॅटरी घेऊन उभं करतो." दिवसा हे वर्णन पुरतं. रात्री लिंब दिसत नाही, पोरगं भलत्याच विहिरीपाशी उभं असतं, आणि मधल्या खोलगटात फोनची रेंज जाते. त्यात एकाच नावाची गावं. पिंपळगाव आणि वडगाव कुठल्या तालुक्यात नाहीत? वर बुद्रुक, खुर्द, वाडी, तांडा. तालुक्यात वीस वर्षं गाडी चालवलेले मामा हे सगळं पाठ ठेवून होते. ते निवृत्तीला आले तेव्हा संस्थेनं विचारलं, की त्यांच्या डोक्यात आहे ते गाडीत ठेवता येईल का. आमचं काम तिथून सुरू झालं.

टॅब्लेट, आणि त्यात नसलेलं जीपीएस

चालकाचा किंवा डॉक्टरांचा फोनच वापरावा, हा पहिला विचार. तो दोन कारणांनी बाजूला ठेवला. रात्रीच्या फोनला शेतकरी सतत बोलत असतो, जनावराची लक्षणं सांगत असतो, तेव्हा डॉक्टरांचा फोन मोकळा नसतो. आणि ठिकाणांची यादी माणसाच्या फोनात राहिली तर माणसाबरोबर निघूनही जाते. ती गाडीची मालमत्ता असायला हवी होती.

संस्थेकडे दूध संकलनाच्या नोंदींसाठी घेतलेले सात इंची अँड्रॉइड टॅब्लेट पडून होते. त्यातला एक घेतला. कंधारच्या बाजारात त्यानं जागा बरोबर दाखवली. गावाबाहेर पडल्यावर मात्र निळा ठिपका बाजारातच थांबला. या एका लक्षणावरून निदान होतं. टॅब्लेट फक्त वाय-फायचा होता आणि त्यात जीपीएसची चिपच नव्हती. आसपासच्या वाय-फाय यंत्रांच्या ओळखीवरून तो जागेचा अंदाज बांधत होता, आणि शेतात वाय-फाय नाही. जुना टॅब्लेट गाडीत लावू पाहणाऱ्यानं हे घरातच तपासून घ्यावं. उपग्रह दाखवणारं एखादं साधं ॲप टाकायचं, अंगणात मोकळ्या आभाळाखाली धरायचं, आणि एकही उपग्रह येत नसेल तर पुढचा खटाटोप थांबवायचा.

सिम घालता येणारा नवा टॅब्लेट घेणं हा सोपा मार्ग होता. पण ब्लूटूथवर चालणारा बाहेरचा जीपीएस रिसीव्हर स्वस्तात मिळत होता, आणि त्याचा एक फायदा आम्हाला मोलाचा वाटला. रिसीव्हर काचेजवळ ठेवायचा आणि टॅब्लेट सावलीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे एकत्र साधणं अवघड असतं, त्याबद्दल पुढे येईलच.

जोडणीत क्रम महत्त्वाचा. आधी ब्लूटूथनं जोडी लावायची. अशा रिसीव्हरचा सांकेतिक क्रमांक बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४ असतो. नंतर टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. रिसीव्हरकडून माहिती घेणारं एक छोटं ॲप टाकायचं, आणि त्या पर्यायांत 'मॉक लोकेशन ॲप' म्हणून तेच निवडायचं. त्यानंतर टॅब्लेटमधला कुठलाही नकाशा रिसीव्हरनं दिलेली जागा स्वतःची समजून वापरतो. रिसीव्हर दर सेकंदाला एनएमईए नावाच्या ठरलेल्या पद्धतीत मजकुराच्या ओळी पाठवत असतो : वेळ, अक्षांश, रेखांश, किती उपग्रह धरले, उंची. त्या ओळी त्या ॲपमध्ये डोळ्यांनी वाचता येतात, आणि एकदा तरी वाचाव्यात. पुढे आलेल्या मोठ्या गोंधळाचं मूळ त्यांच्याच लिहिण्याच्या पद्धतीत होतं.

एक धोका इथं सांगायलाच हवा. ब्लूटूथ मध्येच तुटलं तर टॅब्लेट शेवटची जागा धरून बसतो. बाण स्थिर दिसतो, चालकाला वाटतं यंत्र विचार करतंय, आणि वळण मागे जातं. म्हणून पडद्यावर वेगाचा आकडा मोठा ठेवला. जीप पळतेय आणि वेग शून्य दिसतोय, तर बाणावर विश्वास ठेवायचा नाही.

पहिला मिनिट

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे लोकांना पटवावं लागतं. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि रिसीव्हर त्यांचं फक्त ऐकतो. उलट काही पाठवत नाही. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाची चूक अशी चार अज्ञातं सोडवायची असल्यानं किमान चार उपग्रह लागतात. फोन चालू केल्याबरोबर जागा सांगतो, कारण उपग्रह या घडीला कुठं आहेत ती माहिती तो मोबाइल नेटवर्कवरून उचलतो. आमच्या रिसीव्हरला ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. एका उपग्रहाची स्वतःची कक्षा सांगणारा भाग दर तीस सेकंदांनी पुन्हा येतो. मध्ये झाड किंवा पत्रा आडवा आला आणि तुकडा हुकला, की पुढच्या फेरीची वाट पाहायची.

जीप रात्री पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. पत्र्याखाली रिसीव्हरला काहीच ऐकू येत नाही. चालत्या गाडीत, रस्त्याकडेच्या झाडांखालून जाताना तो तुकडे गोळा करायला लागला की पहिली जागा मिळायला फार उशीर होतो. त्यामुळे नियम असा ठरला : फोन आला की आधी जीप शेडबाहेर काढायची, रिसीव्हर चालू करायचा, आणि मग डॉक्टरांनी प्रसूतीचे दोर, सलाइन, औषधं गाडीत ठेवायची. सामान भरेपर्यंत जागा मिळालेली असते. यंत्राच्या पुस्तिकेत हे नसतं, पण या साऱ्या मांडणीतली सगळ्यात उपयोगी सवय हीच ठरली.

वीज आणि ऊन

जीपच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये पहिल्यांदा लावलेला चार्जर टॅब्लेटला पुरत नव्हता. चार्जिंगचं चिन्ह दिसायचं आणि बॅटरी तरी उतरत जायची. पडदा पूर्ण उजेडात आणि ब्लूटूथ सतत चालू, अशा टॅब्लेटला पाच व्होल्टवर दोन अँपिअर तरी हवेत. चार्जर चांगला घेऊनही केबल लांब आणि बारीक असेल तर व्होल्ट वाटेतच पडतात. आखूड, जाड केबल लावल्यावर तक्रार मिटली.

उन्हाचं प्रकरण जास्त गंभीर. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, आणि बंद जीपच्या काचेखाली त्याहून कितीतरी जास्त. लिथियम बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये. बहुतेक टॅब्लेट तेवढ्या तापमानाला चार्जिंग आपणहून थांबवतात, आणि आणखी तापले की बंद पडतात. म्हणून टॅब्लेट डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, स्टिअरिंगच्या डावीकडे सावलीत बसवला आणि रिसीव्हर पुढच्या काचेच्या तळाशी चिकटवला. तिथून त्याला आभाळ दिसतं. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर मात्र ती सिग्नल अडवते. गाडी उभी करताना टॅब्लेट काढून न्यायचा, हा नियम उन्हाळ्यापुरता.

जागा निवडताना कायद्याचाही विचार केला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता दाखवण्यासाठी, आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं वापरायचं आहे. त्यामुळे ठिकाण निवडण्याचं काम शेजारी बसलेल्या डॉक्टरांकडे दिलं. चालकानं फक्त आवाज ऐकायचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर पडद्यावर बोट फिरवणारा चालक कुणालाच परवडणारा नाही.

गावानंतर नकाशा संपतो

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेलं, पूर्ण ऑफलाइन चालणारं ॲप घेतलं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून स्वयंसेवकांच्या हातांनी वाढत आलेला नकाशा आहे. तो कुणालाही वापरता येतो आणि दुरुस्तही करता येतो. महाराष्ट्राची फाइल संस्थेच्या वाय-फायवर उतरवून ठेवली. शेजारच्या कर्नाटकाचीही घेतली, कारण मुखेडच्या दक्षिणेला राज्याची हद्द फार लांब नाही, आणि रस्ता हद्दीपलीकडून वळसा घेत असेल तर एकट्या महाराष्ट्राच्या फाइलमध्ये तो सापडणार नाही.

नांदेड-लोहा-अहमदपूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१, तालुक्यांना जोडणारे रस्ते, मोठी गावं, हे सगळं नकाशात नीट होतं. पुढे मात्र विरळ. काही तांड्यांना नाव नाही, पांदणी नाहीत, आखाडे तर नाहीतच. पांदण जिथं होती तिथंही मोटारीसाठी रस्ता काढताना ॲप ती टाळत होतं, कारण मोटारीच्या मांडणीत कच्ची शेतवाट सहसा धरली जात नाही. परिणामी यंत्र जीपला गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंत न्यायचं आणि "आपण पोहोचलात" म्हणायचं. गाय तिथून अडीच किलोमीटरवर.

मी या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ दिला तो या अडीच किलोमीटरांना, आणि तसा तो द्यायलाच हवा होता असं माझं मत आहे. गाडीतल्या जीपीएसबद्दल सांगणारे लोक यंत्र, स्टँड, पडदा यांबद्दल बोलतात. मराठवाड्याच्या शेतशिवारात यंत्राचं काम दोन संध्याकाळींत उरकतं. खरं काम ठिकाणांच्या वहीचं असतं.

एक तांडा उदगीरला कसा गेला

वही होतीच. पूर्वीच्या एका लसीकरण मोहिमेत हातातलं जीपीएस यंत्र घेऊन काही आखाड्यांची आणि तांड्यांची नोंद झाली होती. ती संगणकावर उतरवून टॅब्लेटमध्ये घातली. मामांनी एक ओळखीचा तांडा निवडला आणि अंतर पाहून म्हणाले, "साहेब, हा तांडा तर आपल्या मागंच हाय. हे उदगीरकडं कामून दाखवायलंय?"

कारण असं. एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते. दशांश अंशांत १८.७५५, अंश आणि दशांश मिनिटांत १८ अंश ४५.३०० मिनिटं, अंश-मिनिट-सेकंदांत १८ अंश ४५ मिनिटं १८ सेकंद. तिन्ही एकच. हातातली जीपीएस यंत्रं पुष्कळदा दुसरी तऱ्हा वापरतात, आणि रिसीव्हरच्या एनएमईए ओळींतही तीच असते : अंश आणि मिनिटं सलग, १८४५.३०० अशी. वहीत '१८ ४५.३००' आणि '७७ १७.४००' लिहिलं होतं. संगणकावर उतरवताना ते १८.४५३ आणि ७७.१७४ झालं. खरी जागा १८.७५५ आणि ७७.२९०. इथं एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५. हिशेब केला तर ठिपका जवळजवळ ३३ किलोमीटर दक्षिणेला आणि १२ किलोमीटर पश्चिमेला सरकला होता. सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या वर. लातूर जिल्हा, उदगीरच्या आसपास.

मामांना ते दिसलं कारण तांडा त्यांच्या ओळखीचा होता. नव्या चालकाला रात्री दोन वाजता ते दिसलं नसतं. म्हणून चूक आपोआप पकडणारी चाळणी शोधली, आणि ती आमच्या भागाच्या भूगोलातच मिळाली. जीपचं सगळं क्षेत्र १८.६० ते १९.०० अक्षांशांमध्ये आणि ७७.० ते ७७.५ रेखांशांमध्ये बसतं. मिनिटांत हेच अक्षांश ३६ ते ६० होतात. म्हणजे मिनिटांचा आकडा चुकून दशांश म्हणून उतरवला, तर तो १८.३६ ते १८.५९ यांमध्ये पडेल आणि चौकटीबाहेर जाईल. प्रत्येक वेळी. रेखांशाचा भरवसा नाही : ७७.१७४ चुकीचा असूनही चौकटीत बसतो. त्यामुळे तपासणी अक्षांशावर ठेवली. संगणकावरच्या तक्त्यात अक्षांश १८.६० पेक्षा कमी किंवा १९.०० पेक्षा जास्त दिसला की ती ओळ लाल होते आणि टॅब्लेटमध्ये जात नाही. दुसऱ्या तालुक्यात हे करायचं असेल तर तिथली चौकट मांडून पाहावी. हा मेळ सगळीकडे असाच जमेल असं नाही.

हीच चाळणी दुसरी एक चूकही पकडते. काही फाइलींत आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो. त्यांची अदलाबदल झाली तर कंधारचा आखाडा नॉर्वेच्या उत्तरेच्या थंड समुद्रात जाऊन पडतो. ती चूक इतकी मोठी आहे की लगेच दिसते. पस्तीस किलोमीटरची चूक दिसत नाही, आणि घात तिथंच होतो.

दोन बिंदू आणि एक वाट

नवीन ठिकाणं गोळा करण्याची रीत शेतकऱ्यांबरोबर बसून ठरवली. व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवणं सोपं, पण पाठवणारा बहुतेक वेळा गावातल्या घरी बसून पाठवतो, किंवा फोनला उपग्रह मिळायच्या आतच बटण दाबतो आणि टॉवरवरून काढलेली अंदाजी जागा येते. म्हणून सांगणं असं : दावणीपाशी, मोकळ्यावर उभं राहा, किती मीटरपर्यंत अचूक ते खाली लिहून येतं, आकडा पंचविसाच्या आत आला की मग पाठवा. जास्तीचा आकडा असलेलं ठिकाण आम्ही पुन्हा मागवतो. रात्री उभ्या ज्वारीत शंभर मीटरची चूक म्हणजे भलताच बांध. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घालत असलेली चूक साधारण एवढीच होती; ती काढून टाकली गेली नसती तर हे काम या स्वरूपात झालंच नसतं.

प्रत्येक आखाड्याचे दोन बिंदू ठेवले. एक दावणीचा, दुसरा डांबरी सोडून पांदणीत शिरायच्या जागेचा. ॲप जीपला आधी शिरण्याच्या जागेवर नेतं. तिथपर्यंतचा रस्ता नकाशात असतो, त्यामुळे वळणाच्या सूचना बिनचूक मिळतात. पुढच्या भागासाठी जीप त्या वाटेनं एकदा दिवसा जाऊन येते, यंत्र वाटेची रेघ नोंदवतं, आणि ती रेघ जीपीएक्स (वाटेचे बिंदू साठवण्याची ठरलेली पद्धत) फाइल म्हणून साठवली जाते. रात्री चालकाला पडद्यावर जाड रेघ दिसते आणि जीपचा बाण रेघेवर आहे की नाही एवढंच पाहायचं असतं. नाव देताना आधी गाव, मग तांडा किंवा शिवाराची दिशा, मग कायमची खूण. मालकाचं नाव आणि फोन नंबर टॅब्लेटमध्ये घातले नाहीत. टॅब्लेट हरवला तर कुणाच्या शेतात किती जनावरं आहेत हे भलत्याच्या हाती लागायला नको.

तांड्यांची नावं आणि सार्वजनिक पांदणी आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चढवल्या. एखाद्या वस्तीला नकाशावर नाव असणं ही मला साधी गोष्ट वाटत नाही. रुग्णवाहिकेचा चालकही तोच नकाशा उघडत असेल. आखाडे मात्र खासगी जागा आहेत, ते चढवले नाहीत.

पावसाळा

जूनमध्ये मृग बरसला आणि निम्म्या रेघा निरुपयोगी झाल्या. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात जीप सहज गेलेल्या पांदणीत चाकं आसापर्यंत रुततात. मन्याडला आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांना पाणी आलं की फरशीवरचे, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलांवरचे, रस्ते बंद होतात. यंत्राला यातलं काही कळत नाही.

मग प्रत्येक आखाड्याची पावसाळी नोंद वेगळी केली. वाट दुसऱ्या बाजूनं मुरुमाची असेल तर तिची रेघ; नसेल तर जीप कुठं उभी करायची आणि तिथून चालत किती वेळ लागतो ते. हे मामांनी एकेक गाव घेत सांगितलं. कुठल्या फरशीवर पाणी आल्यावर थांबायचंच, हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्या फरश्या नकाशावर लाल खुणेनं आल्या. लाल खूण वाटेत असेल तर चालक आधी गावात फोन करतो, पाणी किती आहे विचारतो, मगच निघतो. माझ्या मते संपूर्ण मांडणीतला सगळ्यात मौल्यवान भाग हाच आहे, आणि तो कुठल्याही ॲपमधून उतरवता आला नसता.

आत्ता काय स्थिती आहे

नव्या चालकानं सूत्रं घेतली तेव्हा त्याला या भागातली निम्मी गावंही माहीत नव्हती. यादीत असलेल्या आखाड्यांवर तो रात्री न विचारता पोहोचतो. एका लाल कंधारी कालवडीचं पहिलं वेत अडलं होतं. तिथं पोहोचेपर्यंत शेतकऱ्याला एकदाही फोन करावा लागला नाही, आणि डॉक्टरांना वाटभर गर्भाची स्थिती विचारता आली. डॉक्टरांच्या मते फोन मोकळा राहणं हे रस्ता सापडण्याइतकंच कामाचं आहे. गोठ्यात पाऊल ठेवण्याआधीच काय करायचं ते त्यांचं ठरलेलं असतं.

अडचणी उरल्या आहेत. चाऱ्यासाठी किंवा पाण्यासाठी जनावरं दुसऱ्या शेतात हलवली की आखाड्याचा बिंदू जुना होतो आणि जीप रिकाम्या दावणीपाशी जाते. यावर उपाय म्हणून दूध घालायला येणाऱ्याला संकलन केंद्रावर महिन्यातून एकदा विचारलं जातं, "जनावरं तिथंच हायेत का?" उत्तर 'नाही' असेल तर नवं लोकेशन येईपर्यंत त्या ठिकाणापुढे प्रश्नचिन्ह राहतं. तक्ता एका माणसाच्या संगणकावर होता. आता त्याची प्रत दर आठवड्याला संस्थेच्या कार्यालयात ठेवतात. यादीत नसलेल्या आखाड्याचा फोन आला तर जुनीच रीत : शाळा, लिंब, विहीर. मात्र परत येताना यंत्र रेघ नोंदवत असतं, आणि सकाळी डॉक्टर केसपेपरबरोबर त्या आखाड्याचे दोन्ही बिंदू तक्त्यात भरतात.